नगरचे खापरी नळ आणि त्यांची दुरुस्ती

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहर सीना नदीच्या डाव्या काठावर वसले, पण त्याची तहान भागवण्याचे काम मुख्यतः सीनेने केले नाही. जामगाव आणि जेऊरकडच्या माळांवर उगम पावणारी ही नदी शहराजवळ अजून लहानच असते आणि पावसाळा सरला की तिचे पात्र कोरडे पडू लागते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने या भागात वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ, अशी इथली जमीन. पाणी मुरते ते मुरमाच्या थरात आणि कातळाच्या भेगांत. तेही शहर वसले त्या सखल पठारापेक्षा उत्तरेच्या आणि पूर्वेच्या डोंगरपायथ्याला अधिक सापडते. मलिक अहमद निजामशहाने 1490 मध्ये भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि 1494 मध्ये त्याच रणभूमीशेजारी आपल्या नावाचे शहर वसवायला घेतले. राजधानीसाठी जागा मोक्याची होती, मात्र पाणी कोसा-दोन कोसांवर, कधी त्याहूनही लांब होते. ते शहरात आणण्यासाठी पुढच्या शंभर वर्षांत जमिनीखालून जे नळ टाकले गेले, त्यांना नगरकर आजही ‘खापरी नळ’ म्हणतात.

या कामामागची विद्या दोन वाटांनी आली. विहीर, बारव, कुंड, टाके बांधण्याची कला दख्खनच्या गवंड्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होती. डोंगराच्या पोटातले पाणी उताराने जमिनीखालून गावापर्यंत नेण्याची पद्धत इराणातली. निजामशाहीच्या दरबारात इराणातून आलेल्या माणसांची मोठी वर्दळ होती. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात आलेला शाह ताहिर हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. आपला कोरडा मुलुख सोडून ही मंडळी दुसऱ्या कोरड्या मुलखात आली होती आणि उन्हात उघड्या पाटातून नेलेले पाणी वाटेतच आटते, हे त्यांना कुणी सांगावे लागत नव्हते. बीदरमध्ये बहामनी काळातच असे भुयारी पाट खोदले गेले होते. नगरमध्ये भुयाराच्या जोडीला भाजक्या मातीच्या नळांचा फार मोठा वापर झाला, आणि तिथे कुंभार, गवंडी, चुनेवाले या स्थानिक कारागिरांचा हात लागला.

कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार, शहापूर या गावांच्या शिवारांतून निघणारे असे दहा-पंधरा नळ शहराकडे, भुईकोट किल्ल्याकडे आणि भोवतालच्या बागांकडे येत होते. रचना साधारण एकसारखी असे. उगमापाशी पायथ्याची एखादी मोठी विहीर, किंवा एकमेकींना आतून जोडलेल्या विहिरींची ओळ. त्यांत झिरपलेले पाणी आधी बांधीव भुयारातून बाहेर निघे आणि पुढे खापरी नळात शिरे. मध्ये ठरावीक टप्प्यांवर उसासे नावाचे पोकळ मनोरे, आणि शेवटी पेठेतला, मशिदीपुढचा किंवा वाड्यातला दगडी हौद. उगमापासून हौदापर्यंत मोट नाही, बैल नाही, रहाट नाही. जमिनीचा उतार हीच यातली एकमेव ताकद. म्हणून सगळ्यात अवघड काम होते उतार साधण्याचे. उतार कमी पडला तर गाळ बसून नळ भरतो, जास्त झाला तर पाण्याच्या जोराने सांधे उचकटतात. कोसच्या कोस लांबीत हा तोल साधणाऱ्या माणसांची नावे मागे राहिली नाहीत, याची खंत वाटते.

खुद्द नळ जवळून पाहण्यासारखा आहे. कुंभार चाकावर वीत-दोन वीत लांबीची पोकळ नळी चढवतो. तिचे एक तोंड थोडे निमुळते आणि दुसरे थोडे पसरट ठेवतो, म्हणजे एकीचे निमुळते तोंड पुढचीच्या पसरट तोंडात बसते. भट्टीत नळ्या नीट भाजल्या गेल्या तर बोटाने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजतात, कच्ची राहिलेली नळी बद्द वाजते. अशी कच्ची नळी ओळीत गेली, तर पाणी पिऊन ती वर्षा-दोन वर्षांत भुसभुशीत होते आणि तिच्यापायी अख्खी ओळ निकामी ठरते. नळ्या चरात मोकळ्या ठेवत नसत. चराच्या तळाला चुन्याचा थर, त्यावर नळी, सांध्याभोवती चुन्याचा गिलावा आणि मग चहूबाजूंनी चुना-खडीचे आवरण अशी ती बंदिस्त होई. मातीची नळी आतून पाण्याला गुळगुळीत वाट देई आणि बाहेरचा भार चुन्याचे आवरण झेली. वरून बैलगाडी गेली तरी खालचा नळ शाबूत राहण्याचे कारण हे आवरणच.

चुन्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नळांचे आयुष्य त्यावरच अवलंबून होते. नगरच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे मुबलक सापडतात. या खड्यांत मातीचा अंश असल्याने त्यांचा भाजलेला चुना ओलाव्यातही घट्ट होतो. निव्वळ पांढऱ्या चुन्यात तो गुण नसतो. त्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घातली की हा गुण आणखी वाढतो. चुना भिजवून मुरवायचा आणि मग घाणीत टाकून बैलाने दगडी चाक फिरवत दिवसचे दिवस मळायचा, अशी रीत होती. घाईने मळलेल्या चुन्यात न विरलेले खडे राहून जातात. ते पुढे ओल लागली की फुगतात आणि सांधा आतूनच फुटतो. चांगल्या चुन्याचा दुसरा गुण आजच्या सिमेंटमध्ये फारसा नाही. जमीन थोडी खचली तर तो थोडा लवतो. बारीक चीर पडलीच तर पाण्यात विरघळलेला चुना त्या चिरेत पुन्हा साका धरतो आणि चीर आपोआप बुजते. जुन्या चुन्याच्या बांधकामाला नंतरच्या काळात सिमेंटची ठिगळे लावली गेली, ती बहुतेक ठिकाणी टिकली नाहीत, त्याचे कारण हेच. कडक ठिगळ जागचे हलत नाही, भोवतालचा मऊ चुना हलतो, आणि जुन्या-नव्याच्या बरोबर सीमेवर नवी चीर उमटते.

उसासा म्हणजे नळाच्या ओळीवर मध्येच उभारलेला दगड-विटांचा पोकळ मनोरा. पुण्यात कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या नळावरच्या अशा बांधकामांना उच्छ्वास म्हणतात, औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) त्यांना बंबे म्हणतात. शब्द वेगळे, काम तेच. बंद नळातून पाणी वाहताना त्यात हवा अडकते. उंचवट्यावर हवेचा फुगा साठला की तो बुचासारखा बसतो आणि मागे भरपूर पाणी असूनही पुढे थेंब जात नाही. उसाशातून ती हवा निघून जाते. दुसरे काम दाब आवरण्याचे. भाजकी माती मोठा दाब सोसत नाही. उसासा वरून मोकळा असल्याने पाणी त्यात आपल्या पातळीपर्यंत चढते आणि नळावर त्याहून जास्त भार येत नाही. तिसरे काम गाळ धरण्याचे. उसाशाच्या बुडाशी ठेवलेल्या खड्ड्यात पाणी क्षणभर संथ होते आणि सोबत आलेली माती तिथेच खाली बसते.

चौथे काम दुरुस्तीचे, आणि या सगळ्या रचनेत ते सर्वांत शहाणपणाचे वाटते. जमिनीखाली हात-दोन हात गाडलेला कोसभर लांबीचा नळ कुठे फुटला, हे वरून कळायचे कसे? उसाशापासून उसाशापर्यंत चालत जायचे आणि आत डोकवायचे. एकात पाणी नेहमीच्या उंचीला उभे आहे आणि पुढच्यात उतरले आहे, तर दोष त्या दोघांच्या मधल्या पट्ट्यातच. मागच्या उसाशात पाणी नेहमीपेक्षा वर चढले असेल, तर पुढे नळ तुंबला आहे. मागचेही खाली गेले असेल, तर पुढे गळती आहे. मग तेवढाच पट्टा खणायचा. ज्याने हा नळ बांधला, त्याने तो एक दिवस बिघडणार हे आधीच धरून चालले होते आणि बिघाड शोधायची सोय पहिल्याच दिवशी बांधून ठेवली होती. आजच्या कितीतरी इमारतींत भिंतीत चिणलेल्या नळांबाबत एवढाही विचार झालेला नसतो.

बिघाड ठरावीक कारणांनी होत. पाण्याच्या वासाने पिंपळ, वड, उंबर यांची मुळे सांध्यात शिरतात. आधी केसाएवढे असणारे मूळ आत ओल मिळाली की झुबक्यासारखे वाढते आणि नळ आतून भरून टाकते. पाण्यातला चुना नळाच्या आतल्या अंगाला थरावर थर धरतो आणि वाट अरुंद करत जातो. नांगराचा फाळ, नव्या घराचा पाया, कडेच्या शेतकऱ्याने चोरून पाडलेले भोक ही माणसाची करणी. यांतला कोणताही दोष वेळीच सापडला तर दोन-चार नळ्या बदलून, चुन्याने सांधून काम भागते. तो पडून राहिला तर गळतीचे पाणी नळाखालची माती वाहून नेते, आधार गेलेली ओळ खचते आणि एका सांध्याच्या जागी वीस सांधे निखळतात. म्हणून नळ राखायला कायमचा माणूस लागे, शिवाय ती देखरेख करणाऱ्याला पाणी वापरणाऱ्याचा धाक लागे. नगरच्या नळांचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

निजामशाहीच्या भराच्या काळात हा धाक खुद्द दरबाराचा होता, कारण नळांची शेवटची टोके दरबाराच्याच बागांत उघडत होती. शहराच्या उत्तरेला हश्त बिहिश्त बाग, तिच्या अष्टकोनी तळ्याला शेंडी-वडगावच्या बाजूने पाणी येई. आग्नेयेला फराह बाग. मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याने आधीचे न आवडलेले बांधकाम पाडून ती नव्याने उभी केली आणि 1583 मध्ये पुरी केली. सुमारे दीडशे फूट बाजूच्या चौरस तळ्याच्या मधोमध या बागेचा महाल उभा आहे. तळे भरलेले असले की वाऱ्याची झुळूक पाण्यावरून थंड होऊन आतल्या उंच दालनात शिरे. तळे सुकले की तोच महाल चहूबाजूंनी तापे. म्हणजे दूरच्या शिवारातला एक सांधा गळला तर त्याची झळ सुलतानाला त्याच्या बैठकीत लागत होती. शहराबाहेरच्या डोंगरावरची सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, नगरच्या पर्यटकांना माहीत असते. पाण्याच्या कामांतला त्याचा वाटा त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे.

भातोडीचा तलावही सलाबतखानाच्याच नावावर सांगितला जातो. 1624 मध्ये याच भातोडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजांना गाठले. तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला, त्यांच्या वाटा बंद केल्या आणि मोठा विजय मिळवला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी भोसले याच लढाईत कामी आले. मलिक अंबरला पाण्याची चाल कळत होती, याचा दुसरा पुरावा लढाईच्या मैदानाबाहेरचा आहे. त्याने वसवलेल्या खडकी शहरात, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जी नहर आणली गेली, ती नहर-ए-अंबरी म्हणून प्रसिद्ध आहे. साधारण त्याच वेळी, 1615 च्या सुमारास, बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत कुंडी भंडारा खोदला गेला. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी पुण्यात आणले. दख्खनच्या या सगळ्या कामांत नगरचे काम आधीचे आहे, आणि त्याचा गवगवा मात्र सर्वांत कमी झाला.

1600 मध्ये नगरचा किल्ला मोगलांकडे गेला आणि शहर राजधानी राहिले नाही. नळ लगेच आटले नाहीत, पण त्यांचा धनी बदलत गेला. 1759 मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, शतकाच्या अखेरीस शिंद्यांकडे गेला. ऑगस्ट 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने आधी पेठ आणि मग चार दिवसांत किल्ला घेतला. शेवटी 1817 च्या पुणे तहाने किल्ला आणि 1818 मध्ये मुलुख इंग्रजांच्या हाती स्थिरावला. अशा उलथापालथीत प्रत्येक नव्या अमलदाराला पहिली चिंता तटबंदीची आणि वसुलीची असे. बागांचे नळ आधी गेले, कारण बागांत बसायला कुणी उरले नाही. पेठांच्या हौदांचे नळ टिकले. तिथे रोज सकाळी घागरी घेऊन उभे राहणारे लोक होते आणि हौद कोरडा पडला की त्यांची ओरड होत होती.

इंग्रजी अमलात शहराच्या पूर्वेला भिंगारच्या अंगाने लष्करी छावणी वाढली. 1854 मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि शहरापुरती जुन्या नळांची जबाबदारी तिच्याकडे आली. 1884 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या सतराव्या खंडात अहमदनगरच्या या नळांचे तपशीलवार वर्णन आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे नळ तेव्हाही शहराला पाणी देत होते, ही साधी गोष्ट नव्हे. 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ तेव्हा नुकताच होऊन गेला होता. अशा वर्षांत उगमाच्या विहिरीच आटत. नळ धड असून उपयोग नसे, आणि पाणी नसलेल्या नळाची दुरुस्तीही कुणी करत नसे. दुष्काळानंतर पाणी परत आले की ही हयगय उघडी पडे. सुकलेल्या चुन्याला तडे गेलेले असत आणि मुळे ओलाव्याच्या शोधात आतवर शिरलेली असत.

विसाव्या शतकात लोखंड आले. पिंपळगाव माळवीचा तलाव ब्रिटिश काळात शहराच्या पाण्यासाठी बांधला गेला आणि बिडाचे नळ गल्लीबोळांतून फिरले. बिडाच्या नळाची घडण खापरी नळासारखीच, एकाचे टोक दुसऱ्याच्या पसरट तोंडात. सांध्यात आधी तागाची दोरी ठासून भरायची, मग वितळलेले शिसे ओतायचे आणि थंड झाल्यावर छिन्नी-हातोडीने ते चहूबाजूंनी दाबून बसवायचे. कुंभार आणि चुनेवाला गेले, त्यांच्या जागी ओतारी आणि नळवाला आला. उसासे मात्र नव्या व्यवस्थेत आले नाहीत. त्यांची जागा लोखंडी झडपांनी घेतली. त्या चावीने उघडबंद होतात, पण पाण्याची पातळी दाखवत नाहीत. त्यामुळे जमिनीखालची गळती रस्त्यावर पाणी उपळेपर्यंत कळत नाही. कधी तिचे पाणी मुरमातच जिरत राहते आणि कधीच वर येत नाही.

याच काळात दुरुस्तीचा प्रश्न हौदावरून घरात शिरला. हौद सगळ्या पेठेचा होता. नळजोड घरमालकाच्या नावावर आला आणि पाणी भाडेकरू वापरू लागला. जुन्या नगरमधल्या वाड्यांत चौकात एक नळ, त्याखाली दगडी मोरी, आणि भोवती दोन-दोन खणांत राहणारी सहा-आठ बिऱ्हाडे, असे चित्र स्वातंत्र्याच्या आधीपासून होते. पहाटे पाणी आले की आधी कुणी भरायचे यावरून कुरबुरी होत. त्याहून चिवट भांडण असे ते गळक्या तोटीचे. तोटीतला चामड्याचा वायसर झिजतो, तोटी कितीही आवळली तरी थेंब-थेंब पडत राहते, आवळता-आवळता आटे जातात आणि मग तोटीच बदलावी लागते. चार आण्यांचा वायसर वेळेवर न बदलल्याने होणारे हे नुकसान सगळ्यांना दिसते, पण हात कुणी घालायचा? मालक म्हणणार, वापरता तुम्ही. भाडेकरू म्हणणार, वाडा तुमचा.

जस्ताच्या नळांनी या भांडणात भर घातली. लोखंडी नळाला गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा देतात. तो नळ कापून टोकाला आटे पाडले की नेमका तिथलाच मुलामा निघून जातो, आणि गंज सांध्यापासून सुरू होतो. जाणता नळवाला आट्यांवर सुताचे पदर गुंडाळून, वर सफेदा लावून, दोन पान्यांनी जोड बसवतो. एक पाना जुना नळ धरून ठेवतो, दुसरा नवा जोड फिरवतो. एकच पाना लावला तर नवा जोड बसताना भिंतीतला जुना जोड सैल होतो. कारागीर निघून जातो, आणि चार दिवसांनी हातभर अंतरावर भिंत ओली दिसू लागते. वाईट दुरुस्तीची ओळख बहुतेकदा हीच असते: जिथे काम झाले ती जागा कोरडी, शेजारची जागा ओली. सायकलची ट्यूब कापून गुंडाळणे, वर तार आवळणे, चिरेवर सिमेंट फासणे हे उपाय पाणी येण्याच्या वेळेपुरते चालतात. मुख्य नळाला जोर वाढला की ते सुटतात. त्यांत दोष केवळ कारागिराचा नसतो. त्याला बोलावणारा सर्वांत स्वस्तातले काम मागत असतो, कारण खर्च आपण का करायचा हेच त्याला पटलेले नसते.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. मुंबई राज्याच्या 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यात जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली होती. पण त्याच कायद्याने प्रमाण भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकले. पुढे रुपयाची किंमत घसरत गेली, भाडे तेवढेच राहिले, आणि महिन्याच्या भाड्यात गवंड्याची एक दिवसाची मजुरीही निघेनाशी झाली. मालकाने दुरुस्ती टाळली. वाडा पडला तर जागा मोकळी होईल, असा हिशेबही काहींनी केला. भाडेकरूला नाममात्र भाड्याची जागा सोडवेना आणि परक्याच्या भिंतीवर पैसे घालवेनात. महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या शहरांतले वाडे असे दोन बाजूंच्या ओढाताणीत ओलीने पोखरले गेले. पडझडीची सुरुवात कितीतरी वेळा मोरीच्या कोपऱ्यातल्या गळतीनेच झाली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, जो 31 मार्च 2000 पासून लागू झाला, त्याच्या कलम 14 ने ही तरतूद पुन्हा स्पष्ट केली. जागा चांगल्या स्थितीत ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. त्याने हयगय केली तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. तरीही वाजवी मुदतीत काम झाले नाही तर भाडेकरूने ते स्वतः करून घ्यावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा किंवा मालकाकडून वसूल करावा. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त असू नये. कलम 29 प्रमाणे पाण्यासारखी अत्यावश्यक सोय मालकाला विनाकारण तोडता येत नाही. नोटीस टपालानेही देता येते. तरतूद सोपी आणि कामाची आहे. शेकडो भाडेकरूंना ती ठाऊक नसते, ही खेदाची बाब आहे. माहीत असलेल्यांचीही जुन्या बारीक भाड्याच्या चौथाईत नळाची एक ओळ बदलून होत नाही.

शहराच्या पातळीवर मोठा बदल 1972 च्या आसपास झाला. त्या साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता, आणि राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळचे मुळा धरण त्याच सुमारास उभे राहिले. ज्ञानेश्वरसागर या नावाच्या या जलाशयाची क्षमता 26 टीएमसी आहे. त्यानंतर नगर शहर मुळेच्या पाण्यावर आले. हे पाणी मुळानगरहून विळदमार्गे वसंत टेकडीच्या टाक्यांत चढते आणि तिथून शहरात वाटले जाते. कापूरवाडीहून पाणी उताराने खाली येत होते. मुळेचे पाणी पंपाने वर चढवावे लागते, कारण धरण शहरापेक्षा सखल भागात आहे. वीज गेली की उपसा थांबतो आणि त्या दिवसाचे वेळापत्रक पुढे ढकलले जाते. मुख्य जलवाहिनी फुटली तर शहराच्या मोठ्या भागाचे पाणी एकदम बंद होते. खापरी नळांच्या काळी एक ओळ फुटली तर एक पेठ तहानत होती.

रोज न येता पाळीने येणाऱ्या पाण्याचा नळांवर वेगळाच परिणाम होतो. नळ सतत भरलेला असला तर गळतीतून पाणी बाहेर पडते, बाहेरचे आत येत नाही. पुरवठा बंद झाला की नळ रिकामा होतो, आत पोकळी तयार होते आणि त्याच भेगेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. घरोघरी लावलेले टिल्लू पंप ही ओढ आणखी वाढवतात. पाळीच्या दिवशी पहिल्या काही मिनिटांत गढूळ पाणी येते, ते सोडून देण्याची सवय शहरात बहुतेकांना आहे. त्या गढूळपणामागे कुठेतरी बरी न झालेली एक गळती असते. म्हणून गळती थांबवणे हा पाणी वाचवण्याचा प्रश्न आहे, तितकाच तो काविळीचा आणि हगवणीचाही आहे. केंद्राच्या अमृत योजनेतून अलीकडे शहरात नव्या वाहिन्यांची कामे झाली. जुन्या ओळी कागदावर नेमक्या कुठून जातात, हा प्रश्न अशा प्रत्येक खोदकामात पुन्हा उभा राहतो.

अशाच खोदकामांत अधूनमधून खापरी नळांचे तुकडे वर येतात. फावड्याने आधी चुन्याचे पांढुरके आवरण फुटते, मग लालसर नळी दिसते. पुष्कळदा ती आतून मातीने गच्च भरलेली असते. कधी तिच्यात मुळांचा वाळलेला झुबका नळीचाच आकार घेऊन बसलेला असतो, आणि सांध्यावरचा चुना मात्र अजून नखाने खरवडत नाही. शहराबाहेरच्या शिवारांत काही उसासे अजून उभे आहेत. काहींची माथ्यावरची बांधणी ढासळली आहे, काहींच्या फटींतून पिंपळ उगवले आहेत. फराह बागेचा महाल संरक्षित वास्तू म्हणून राखला जातो. तिथे पाणी आणणाऱ्या नळांच्या ओळींना तसे संरक्षण नाही. त्या शेतांखालून, रस्त्यांखालून आणि नव्या वसाहतींच्या पायाखालून तुटक-तुटक गेलेल्या आहेत.